दोन पाहुणे, दोन यजमान, चार शालोम



या सदरात आम्ही बहुधा गुडघेदुखी, साखर, रक्तदाब आणि गोळ्यांच्या वेळा यांवर लिहितो. निवृत्त नर्सकडून लोक तेच मागतात. पण या वेळी एका आजींचं पत्र आलं आणि विषय बदलावा लागला. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही.

आजींची नात आठवीत आहे. गणिताच्या पेपरात (क्ष + ५)² असं आलं होतं. तिने उत्तर लिहिलं, क्ष² + २५. बाईंनी तांबडी फुली मारली. अशा चार फुल्या पडल्या. आता तिला गणिताच्या 'हकबात्सा बेत' मध्ये, म्हणजे खालच्या गटात, घालायचं चाललं आहे. मुलगी रडली आणि म्हणाली, "आजी, माझं डोकंच गणिताचं नाही." आजी आम्हाला विचारतात, "माझं शिक्षण मराठी नववी. तेही अलिबागेकडच्या खेड्यात. मी तिला काय मदत करणार?"

आजी, नववी पुष्कळ झाली. या गणिताला तर पुरून उरेल. आणि हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. इथे इस्राएलमध्ये आपल्या कितीतरी घरांत आजीआजोबा स्वयंपाकघरात आणि नातवंडं दिवाणखान्यात वही उघडून, अशी वाटणी झालेली आहे. आपल्याला वाटतं त्यांचं हिब्रू गणित आपल्याला कळणार नाही. त्यांना वाटतं आजीला गणित येतच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. म्हणून हा लेख मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी एकत्र लिहीत आहोत. मुलांनो, एखादा मराठी शब्द अडला तर शेजारी बसलेल्या आजोबांना विचारा. आजोबा, तुम्हाला हिब्रू शब्द अडला तर नातवाला विचारा. यात लाज कसली?

नावापासून सुरुवात करू

क्ष + ५ यात अधिकच्या चिन्हाने जोडलेले दोन भाग आहेत. एक क्ष आणि दुसरा ५. अशा प्रत्येक भागाला मराठीत 'पद' म्हणतात, म्हणून दोन पदांची ती 'द्विपदी'. पद म्हणजे पायसुद्धा. तेव्हा द्विपदी म्हणजे दोन पायांवर उभी असलेली, असं समजा. हिब्रूत पदाला 'एवार' म्हणतात, आणि आम्ही दवाखान्यात सगळी वर्षं हाच शब्द हातापायांसाठी, शरीराच्या अवयवांसाठी ऐकला. म्हणजे दोन्ही भाषांना गणितात शरीरच आठवलं. नर्सला याहून सोयीचं काय पाहिजे!

क्ष हे अक्षर आमच्या शाळेत फळ्यावर असायचं. इथली मुलं त्याला 'इक्स' म्हणतात. दोन्ही एकच. ज्या संख्येचं नाव अजून कळलेलं नाही, तिचं ते टोपणनाव. क्ष² म्हणजे क्ष ला क्ष ने गुणायचं. आम्ही 'क्ष वर्ग' म्हणायचो, मुलं 'इक्स बे-रिबुआ' म्हणतात. रिबुआ म्हणजे चौरस. जुन्या संस्कृत गणितातही 'वर्ग' या शब्दाचा अर्थ चौरस आकृती असाच होता. हे लक्षात ठेवा, थोड्याच वेळात उपयोगी पडणार आहे.

अजून एक गंमत. आपली नातवंडं हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण गणित आलं की वहीत वळून डावीकडून उजवीकडे लिहायला लागतात. म्हणजे आपल्या मराठीच्या दिशेने! तेव्हा आजी, वहीतला तेवढा भाग तुम्हाला सरळ वाचता येईल. धाकट्या नातवंडांच्या पुस्तकात अधिकच्या चिन्हाला कधीकधी खालचा पाय नसतो. ते पाहून घाबरू नका, तेही अधिकच आहे.

व्याह्यांची भेट

आता दोन द्विपदींचा गुणाकार. उदाहरण घ्या, (क्ष + ३)(क्ष + २). कंसाला कंस चिकटून आला की मध्ये गुणिले आहे असं समजायचं.

समजा, मुलीकडचे आईबाबा मुलाकडच्या घरी आले. दारात मुलाकडचे आईबाबा उभे. रीतीप्रमाणे पाहुण्यांपैकी प्रत्येकाने यजमानांपैकी प्रत्येकाला शालोम करायचा. किती शालोम झाले? मोजा. मुलीच्या वडिलांनी मुलाच्या वडिलांना केला, मग मुलाच्या आईला केला. मुलीच्या आईने मुलाच्या वडिलांना केला, मग मुलाच्या आईला केला. एकूण चार. पाहुण्यांनी आपापसात शालोम करायचा नाही, ते घरून एकत्रच निघालेत. यजमानांनीही आपापसात करायचा नाही.

गुणाकारही असाच. पहिल्या कंसातले दोघे पाहुणे, दुसऱ्या कंसातले दोघे यजमान.

क्ष भेटला क्ष ला, क्ष² झाला.
क्ष भेटला २ ला, २क्ष झाले.
३ भेटला क्ष ला, ३क्ष झाले.
३ भेटला २ ला, ६ झाले.

सगळं एकत्र लिहा, क्ष² + २क्ष + ३क्ष + ६. मधले दोघे एकाच जातीचे, दोन क्ष आणि तीन क्ष मिळून पाच क्ष. उत्तर क्ष² + ५क्ष + ६. क्ष² आणि क्ष यांची मात्र बेरीज करायची नाही. चादर आणि दोरी यांची बेरीज होत नाही.

आता पत्रातल्या मुलीने काय केलं ते पाहा. (क्ष + ५)² म्हणजे (क्ष + ५)(क्ष + ५). तिने क्ष ची क्ष शी भेट घालून दिली, ५ ची ५ शी घालून दिली, आणि दार लावलं. मुलीच्या बाबांनी मुलाच्या आईला शालोम केला नाही. मुलीच्या आईने मुलाच्या बाबांकडे बघितलंही नाही. आपल्याकडच्या लग्नात असं झालं तर काय होतं हे जुन्या वाचकांना सांगायला नको. रुसवा! वरमाई रुसली तर सगळं लग्न अडतं. इथेही मधली दोन पदं रुसून बसली म्हणून उत्तर अडलं. त्यांची भेट घालून द्या. क्ष आणि ५ मिळून ५क्ष, ५ आणि क्ष मिळून आणखी ५क्ष. झालं क्ष² + १०क्ष + २५.

आमच्या मास्तरांनी हेच सूत्र आमच्याकडून घोकून घेतलं होतं. 'अ वर्ग, अधिक दोन अ ब, अधिक ब वर्ग.' सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. पाठ झालं, आणि अजून पाठ आहे. पण ते 'दोन अ ब' कुठून आले हे त्या सुरात कळत नाही. ते या दोन रुसलेल्या भेटींतून आले.

अमेरिकेत आमच्या नात्यातली मुलं आहेत, ती यासाठी 'फॉईल' असा एक शब्द पाठ करतात. पहिली, बाहेरची, आतली, शेवटची या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. वाईट नाही. पण पाहुण्यांबरोबर मावशीही आली, म्हणजे एका कंसात तीन पदं झाली, की तो शब्द अपुरा पडतो. भेटीचा नियम अपुरा पडत नाही. तीन पाहुणे आणि दोन यजमान, सहा शालोम. प्रत्येकाने प्रत्येकाला भेटायचं, एवढाच नियम.

या नियमाचं हिब्रू पुस्तकातलं नाव 'खोक हा-पिलुग हा-मुर्खाव'. मोठ्यांनो, हसू नका, 'मुर्खाव' चा मूर्खाशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ विस्तारलेला. मराठीत वितरणाचा नियम, त्याचं हे मोठं रूप. मुलांनो, तुमचे आजोबा या शब्दाला का हसले ते त्यांनाच विचारा.

बाळाची गोधडी

मुलं विचारतील, शालोम ठीक आहे, पण खरोखर असं का होतं? त्याला गोधडी काढा. गोधडी म्हणजे जुन्या साड्यांचे थर टाके घालून शिवलेलं पांघरूण, ज्याच्याइतकी ऊब कुठल्याही विकतच्या रजईला नाही.

बाळासाठी पाच वीत लांब आणि पाच वीत रुंद गोधडी शिवली. चौरस. तिच्यात एक वीत बाजूचे किती चौकोन मावतात? पाच पाचे पंचवीस. बाळ वाढलं, गोधडी आखूड पडली. लांबी एक वीत वाढवायची आणि रुंदीही एक वीत वाढवायची. आता कापड किती जोडावं लागेल?

कागदावर काढून बघा. उजव्या बाजूला पाच वीत लांब आणि एक वीत रुंद अशी एक पट्टी लागेल. खालच्या बाजूला तशीच दुसरी पट्टी. आणि दोन पट्ट्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन रिकामा राहील, त्याला एक तुकडा. पंचवीस, अधिक पाच, अधिक पाच, अधिक एक. छत्तीस. आणि सहा सक छत्तीसच असतात. हिशेब जुळला.

फक्त कोपऱ्याचा तुकडा जोडला आणि पट्ट्या विसरल्या तर? पंचवीस आणि एक सव्वीस. गोधडीच्या एका टोकाला एक चिंधी लोंबते आहे आणि बाळाचे पाय उघडेच! क्ष² + २५ हे उत्तर म्हणजे अशी गोधडी. क्ष बाजूचा मोठा चौरस आहे, पाच बाजूचा कोपरा आहे, पण दोन पट्ट्याच नाहीत. प्रत्येक पट्टी पाच रुंद आणि क्ष लांब, म्हणजे ५क्ष. दोन पट्ट्या मिळून १०क्ष.

म्हणून आमचं मुलांना सांगणं आहे की पहिले काही दिवस प्रत्येक गणिताला चार खणांची चौकट काढा. वर एका कंसातली पदं लिहा, डावीकडे दुसऱ्या कंसातली. चारही खण भरल्याशिवाय बेरीज करायची नाही. एक खण रिकामा दिसला तर कळलंच, कोणीतरी रुसलं आहे.

पाढे येणाऱ्यांनी हे कधीच केलेलं आहे

आता आमच्या वयाच्या वाचकांसाठी. आपल्याला तीसपर्यंत पाढे पाठ होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हेही संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणावं लागे. त्या शिक्षणात द्विपदीचा गुणाकार लपलेला होता, फक्त त्याचं नाव कोणी सांगितलं नव्हतं.

२३ गुणिले १४ करून बघा. तोंडी करताना आपण काय करतो? २३ चे २० आणि ३, १४ चे १० आणि ४. वीस दाहे दोनशे. वीस चोक ऐंशी. तीन दाहे तीस. तीन चोक बारा. एकूण तीनशे बावीस. चार गुणाकार, चार शालोम. कागदावर उभं मांडून गुणतो तेव्हाही हेच चारजण भेटतात, फक्त हातच्याच्या गडबडीत ते दिसत नाहीत.

आता दहाच्या जागी क्ष लिहा. २३ म्हणजे दोन दहा आणि तीन, म्हणून २क्ष + ३. १४ म्हणजे एक दहा आणि चार, म्हणून क्ष + ४. गुणाकार करा. २क्ष², अधिक ८क्ष, अधिक ३क्ष, अधिक १२. म्हणजे २क्ष² + ११क्ष + १२. या उत्तरात क्ष च्या जागी परत १० घाला. दोनशे, एकशे दहा आणि बारा, तीनशे बावीस! तेच उत्तर. बीजगणित हे असं आपल्या पाढ्यांचंच मोठं भावंड आहे. पाढ्यांत संख्या ठरलेली असते, इथे कुठलीही चालते.

संख्या फोडून गुणण्याची ही रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत १३५ ला १२ ने गुणण्याचं उदाहरण आहे. तिथल्या एका रीतीत बाराचे आठ आणि चार केले आहेत. १०८० आणि ५४० मिळून १६२०. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. आजोबांचं गणित नातवाने जपलं, हे आम्हाला फार आवडतं.

त्याच बाराव्या शतकात अब्राहाम इब्न एझ्रा या स्पेनमध्ये जन्मलेल्या पंडितांनी 'सेफेर हा-मिस्पार' हा हिब्रू ग्रंथ लिहून भारतीय अंकपद्धती हिब्रू वाचकांना समजावून दिली. एक ते नऊसाठी हिब्रू अक्षरं आणि शून्यासाठी एक वर्तुळ. म्हणजे भारताच्या गणिताची आणि हिब्रूची ओळख आपण बोटीने किंवा विमानाने इथे येण्याच्या आठशे वर्षं आधीच झालेली होती.

उणे आलं की

मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती उणे चिन्हाला. (क्ष − १)(क्ष − २). इथे −१ आणि −२ यांची भेट होते आणि उत्तर +२ येतं. उणे गुणिले उणे अधिक का? पाठ करून टाका, असं शाळेत सांगतात. पण गोधडीला विचारलं तर तीही सांगेल.

दहा वीत लांबीरुंदीची चादर आहे. शंभर चौकोन. एका बाजूने एक वीत पट्टी कापायची, म्हणजे दहा गेले. दुसऱ्या बाजूने दोन वीत पट्टी कापायची, म्हणजे वीस गेले. शंभरातून तीस गेले, सत्तर उरले. पण उरलेली चादर मोजा. नऊ वीत आणि आठ वीत, नऊ आठे बहात्तर! दोन कुठून आले? कोपऱ्याचा तुकडा दोन्ही पट्ट्यांत मोजला गेला होता. एकच तुकडा आपण दोनदा वजा केला. तो एकदा परत द्यायला हवा. तो तुकडा एक गुणिले दोन, म्हणजे दोन. म्हणून अधिक दोन. उत्तर क्ष² − ३क्ष + २.

ऋणाला ऋणाने गुणलं तर धन, हा नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली लिहून ठेवला आहे. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी बगदादच्या अल-ख्वारिझ्मी यांनी आपल्या ग्रंथात दहा वजा एक गुणिले दहा वजा एक हे उदाहरण पायरीपायरीने सोडवून एक्क्याऐंशी आणले. दशकाला जोडून एकक आला की चार गुणाकार करावे लागतात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या ग्रंथात क्ष नाही, चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत. आणि त्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून अल्जिब्रा हा शब्द आला. जब्र म्हणजे मोडलेलं परत जागेवर आणणं. हाड बसवण्यालाही हाच शब्द होता, आणि स्पॅनिश भाषेत हाड बसवणाऱ्याला बराच काळ 'अल्हेब्रिस्ता' म्हणत. आमच्या अस्थिरोग वॉर्डातल्या डॉक्टरांना हे कोणी सांगितलं असतं तर ते खूष झाले असते.

दुसऱ्या नर्सची सही

धोक्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर एका नर्सने काढलेला डोस दुसऱ्या नर्सने स्वतंत्र मोजून पाहायचा आणि मगच द्यायचा, ही दवाखान्याची शिस्त. पहिली हुशार नाही म्हणून नव्हे. माणूस थकतो म्हणून. गणितातही दुसरी नर्स असते. क्ष च्या जागी एखादी छोटी संख्या घालून बघायची.

(क्ष + ५)² मध्ये क्ष ला १ म्हणा. सहाचा वर्ग छत्तीस. आता क्ष² + २५ मध्ये १ घाला. सव्वीस. जुळत नाही, सही नाही. क्ष² + १०क्ष + २५ मध्ये १ घाला. एक, दहा आणि पंचवीस, छत्तीस. जुळलं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. परीक्षेत हे केलं असतं तर चारही फुल्या वाचल्या असत्या.

मात्र तपासायला शून्य घेऊ नका. क्ष ला ० म्हटलं तर दोन्ही उत्तरं पंचवीसच येतात, खरंही आणि चुकीचंही. कारण शून्य घातलं की पट्ट्यांची रुंदी कितीही असली तरी लांबी शून्य होते, मग त्या आहेत की नाहीत कसं कळणार? झोपेच्या इंजेक्शनखाली असलेल्या पेशंटला दुखतंय का असं विचारण्यासारखं आहे ते. एक किंवा दोन घाला. एकदा एक आणि एकदा दोन घालून बघितलं तर आणखी बरं.

आणि मुलांनो, हे तुमच्यासाठी बक्षीस. (क्ष + १)(क्ष − १) मध्ये मधली दोन पदं +क्ष आणि −क्ष येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं क्ष² − १. म्हणून १९ गुणिले २१ कोणी विचारलं तर वीसचा वर्ग चारशे, वजा एक, तीनशे नव्व्याण्णव. ४८ गुणिले ५२? पन्नासचा वर्ग अडीच हजार, वजा दोनचा वर्ग चार, २४९६. वर्गात पटकन सांगा आणि मित्रांचे चेहरे बघा. मधली पदं कधी नाहीशी होतात हे आता तुम्हाला माहीत आहे. चिन्हं उलट असली तरच. एरवी त्यांना हाकलायचं नाही.

आजीआजोबांना चार शब्द

आम्ही मॅट्रिक होऊन या देशात आलो तेव्हा एका कचेरीत आमचं मराठी सर्टिफिकेट उलटंसुलटं करून बघण्यात आलं आणि विचारलं गेलं, "तुमच्याकडे बीजगणित शिकवतात का?" आपल्यातल्या अनेकांनी असले प्रश्न ऐकले आहेत. काहींनी त्यावर विश्वास ठेवला. आपलं शिक्षण म्हणजे ट्रंकेतला कागद, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि मुलांच्या अभ्यासाजवळ कधी गेले नाहीत. मुलांच्या वेळी ते चुकलं असेल. नातवंडांच्या वेळी अजून वेळ आहे.

कारण गट खालचा मिळाला म्हणून मूल लहान होत नाही, पण 'माझं डोकंच नाही' हे वाक्य त्याच्या मनात बसलं तर ते काढायला फार वर्षं लागतात. पुढे बगरूतला गणिताच्या तीन, चार की पाच येहिदोत घ्यायच्या, याचा निर्णय बऱ्याचदा या वाक्यानेच होतो. आणि त्यावर पुढचं शिक्षण अवलंबून असतं. चार फुल्यांचं एवढं मोल द्यायचं काय?

तेव्हा आजी, असं करा. संध्याकाळी नातीला बोलवा. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. तिच्या हातातली पेन्सिल घेऊ नका, पेन्सिल तिच्याच हातात राहू दे. तिला म्हणा, "बाळा, मला हिब्रूत समजावून सांग, कोण कोणाला भेटलं." ती सांगेल. सांगताना एखादी भेट राहिली तर उत्तर सांगू नका, फक्त विचारा, "अगं, कोणी रुसलं तर नाही ना?" तीच शोधील. चुकली तर रागवू नका आणि उगाच वाहवाही करू नका. चारही खण भरले की एवढंच म्हणा, "आता दुसऱ्या नर्सची सही घे." मग तिला १ घालून बघू दे. उत्तर बरोबर आहे हे तिला बाईंनी किंवा तुम्ही न सांगता स्वतःला कळलं, की डोक्याबद्दलची तक्रार हळूहळू बंद होईल. आम्ही आमच्या घरात आणि शेजारी हे करून बघितलं आहे. एका दिवसात काही होत नाही. टाके घातलेली जखमसुद्धा एका दिवसात भरत नाही. दोनतीन आठवडे द्या.

शिवाय एक फायदा फुकटचा आहे. तिला 'पद', 'वर्ग', 'वीत', 'गोधडी' हे शब्द येतील, तुम्हाला 'एवार' आणि 'रिबुआ' येतील.

मुलांसाठी पाच गणिते

पुढची गणितं आजीआजोबांसमोर बसून सोडवा. चौकट काढा, मग तपासा.

१) (क्ष + ४)(क्ष + १)
२) (क्ष + ७)²
३) (क्ष − ३)(क्ष + ५)
४) (२क्ष + १)(क्ष + ६)
५) तोंडी सांगा, ३१ × २९

पुढच्या अंकात पुन्हा गुडघेदुखीकडे वळू, कारण थंडी येते आहे आणि तुमचे फोन सुरू झाले आहेत. सर्वांनी औषधं वेळेवर घ्या, पाणी भरपूर प्या.

उत्तरे (आधी बघू नका!): १) क्ष² + ५क्ष + ४. २) क्ष² + १४क्ष + ४९. ३) क्ष² + २क्ष − १५. ४) २क्ष² + १३क्ष + ६. ५) तीसचा वर्ग नऊशे, वजा एक, ८९९.